मागच्या रांगेतलं ‘हजर’

नाव ठेवताना माणसाला कोणी विचारत नाही. गादीवाल्यालाही कोणी विचारलं नव्हतं. तो जन्मला त्या सुमारास नदीवर मोठा पूल झाला होता आणि तो बांधणाऱ्या इंजिनिअरचं नाव सगळ्या शहराच्या तोंडी होतं. आधीचे दोन पूल पुरात गेले होते, हा मात्र पाय रोवून उभा राहिला. लोकांना त्याचं इतकं अप्रूप, की पुढची काही वर्षं ज्या घरात मुलगा झाला त्या घराने डोळे मिटून तेच नाव ठेवलं. शाळेत मास्तरांनी त्या नावाने हाक मारली की निम्मा वर्ग उभा राहायचा. मास्तर वैतागले आणि त्यांनीच बारशी केली. एक लंबू, एक नकट्या, एक तोतऱ्या. आपला हा शेवटच्या बाकावर बसायचा, म्हणून ‘मागचा’.

मागचा मोठा झाला आणि गादीवाला झाला. म्हणजे सोफे, खुर्च्या, कोच यांच्या बैठका भरणारा. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दुकानामागे दोन खोल्या, तोच संसार. दुकानात कायम एखाद्या सोफ्याचा नुसता सांगाडा उभा, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, वर दोरीला लटकवलेले, बैठकीखाली ताणायचे पट्टे, आणि गादीवाला गुडघ्यावर बसून काम करतोय. तोंडात बारीक खिळे भरलेले. जिभेने एकेक खिळा ओठावर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा आणि ठोकायचा. त्यामुळे त्याच्याशी बोलायचं म्हणजे थांबावं लागायचं. आधी तो खिळे गालात सरकवणार, मग ओठाच्या कोपऱ्यातून उत्तर देणार. ही सवय इतकी अंगात भिनली, की तोंडात काही नसलं तरी त्याचं उत्तर अर्ध्या क्षणाने उशिराच यायचं. लग्न ठरताना बायकोच्या वडिलांनी विचारलं होतं, “मुलीला नीट सांभाळाल ना?” तेव्हाही तो गप्पच राहिला. बिचाऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा पडला. मग कुठे ‘हो’ आलं.

ते ‘हो’ त्याने शब्दाला जागून पाळलं. बायकोला तो ‘सरकार’ म्हणायचा. “सरकार, चहाचं काही होईल का?” अशी अर्जी दुकानातून आत जायची. तिची जीभ तिखट, त्याला बोलण्याचा कंटाळा, त्यामुळे दोघांचं छान जमलं. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीने केलं, पुढे ते कमी झालं की नुसतं अंगवळणी पडलं, हे तिलाही कधी कळलं नाही.

इकडे त्याचे नावभाऊ चारी दिशांना पांगले होते. नाव सगळ्यांचं एकच असलं तरी ते गाजवलं तिघाचौघांनी. एक मोठा गवई झाला, रेडिओवर त्याचा आवाज लागला की लोक जेवता जेवता थांबायचे. एक सर्जन झाला, त्याने बंद पडलेली हृदयं चालू केल्याच्या कथा होत्या. एक पैलवान, त्याला देशाबाहेर जाऊन पदकं मिळाली. उरलेले तुमच्याआमच्यासारखे: कोणी बस चालवायचा, कोणी कचेरीत बसायचा, एकाची बेकरी होती. गवयाच्या मनात आलं की सगळ्यांनी वर्षातून एकदा जमावं. वाचनालयाचं सभागृह मिळालं आणि नावभावांची बैठक सुरू झाली. आधी ती थट्टाच होती, पण माणसं येत राहिली.

बैठकीचा नियम एकच. आत आलं की नाव घ्यायचं नाही. घेऊन उपयोगही नव्हता म्हणा, साठ डोकी वळली असती. ज्याला त्याला त्याच्या कामाने ओळखलं जायचं: गवई, डॉक्टर, पैलवान, बेकरीवाला, गादीवाला. पोस्टातून निवृत्त झालेला एक जण कारभार बघायचा, तो चिटणीस. भाषणं व्हायची, चहा व्हायचा, आणि शेवटी गवई व्यासपीठाच्या मधोमध येऊन, दम भरून, ते नाव एकदाच पुकारायचा. मास्तर पुकारायचे तसं. आणि सगळं सभागृह एका आवाजात म्हणायचं, “हजर!”

गादीवाला वर्षभर त्या एका शब्दासाठी जगायचा. त्या क्षणी सर्जन कोणता आणि गादीवाला कोणता हे देवालाही सांगता आलं नसतं.

बायकोला मात्र सांगता यायचं. बायका वर गॅलरीत बसायच्या. हाक झाली की ती डोळे मिटून घ्यायची. सगळ्यांचं ‘हजर’ यायचं, छताला लागायचं, आणि ते विरतंय न विरतंय तोच मागच्या रांगेतून एक उरलेलं ‘हजर’ यायचं, अर्धा क्षण उशिराने. तो तिचा नवरा. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तीही हसायची, पण तिच्या हसण्यात जरा माज असायचा.

बाकी त्या बैठकीवर तिचा राग होता, आणि तो तिने कधी लपवला नाही. मोठे लोक व्यासपीठावर, तिचा नवरा खाली. फोटोत तो कोणाच्या तरी कोपरामागे. आणि सभागृहातल्या साऱ्या खुर्च्यांच्या बैठका दर दोन वर्षांनी फुकटात नव्या कोण करून द्यायचं? तर हा! पैलवानाच्या खुर्चीखाली दुहेरी पट्टे, डॉक्टरांची पाठ दुखते म्हणून त्यांना काथ्या घट्ट.

“त्यांना डॉक्टर म्हणतात, गवई म्हणतात,” ती म्हणायची, “आणि तुम्हाला? ए गादीवाल्या, जरा ही खुर्ची सरकव. तुम्हाला काही वाटत कसं नाही?”

तो खिळे गालात घ्यायचा. “अगं, मी गादीवालाच आहे. काय कलेक्टर म्हणतील?”

“नावाने हाक मारावी की एकदा. चांगलं नाव आहे.”

“ते सगळ्यांचंच चांगलं आहे, सरकार.”

ती रिकामा कप उचलून आत जायची.

मग गवई गेला. सगळे नावभाऊ त्याच्या घरी जमले. अंगणात त्याला ठेवलं होतं. कोणी ठरवलं नव्हतं, पण गाडी निघायच्या आधी डॉक्टर पुढे झाले आणि त्यांनी ते नाव पुकारलं. क्षणभर सगळे गांगरले. मग सगळ्यांनी मिळून ‘हजर’ म्हटलं, गवयाच्या वतीने. हाक रिकामी जायला नको म्हणून. आणि मागून, अर्ध्या क्षणाने, गादीवाल्याने. घरी आल्यावर तो बराच वेळ सोफ्याच्या सांगाड्यापाशी नुसता बसून राहिला. तोंडात खिळे घेतलेच नाहीत.

“सरकार,” तो म्हणाला, “माझ्या वेळी एवढं कर. चिटणिसांना कळव. बाकी काही नको. रडली नाहीस तरी चालेल.”

“आणि मी आधी गेले तर?”

तो विचारात पडला. “तर मीच त्यांना कळवेन. म्हणेन, हिचं नाव वेगळं आहे, तरी या.”

ती हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग तिला स्वतःचाच राग आला. “येतील तुमचे साहेब लोक,” ती म्हणाली. “नाही आले तर कानाला धरून आणीन. झालं?”

“झालं,” तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा तो विषय काढला नाही. गरजच नव्हती. सरकारने शब्द दिला होता.

त्यानंतर ती रीतच पडली. एकेक नावभाऊ गेला की बाकीचे जायचे, नाव पुकारायचे, ओ द्यायचे. गादीवाल्याने एकही चुकवला नाही. पैलवान गेला तेव्हा तो अंगात ताप घेऊन गेला. बेकरीवाला गेला त्या दिवशी मोठ्यांना कुठेतरी कार्यक्रम होता, तिथे हा आणि बसवाला असे दोघेच पोचले. ती फणकारली, “बघितलंत? बेकरीवाल्याला दोघंच.”

“दोघं पुरे,” तो म्हणाला. “ओ मिळाली ना.”

आता त्या नावाचा वारा कधीच पडला होता. पूल जुना झाला, त्याच्या शेजारी दुसरा आला, आणि मुलांची नावं लोक वेगळीच ठेवू लागले. सभागृहातली बैठक आटत आटत पहिल्या दोन रांगांवर आली. तरी हा आपला मागच्याच रांगेत बसायचा. डॉक्टर थकले होते, दोनदा दवाखान्यात राहून आले होते, आणि आज ना उद्या त्यांची बातमी येणार हे सगळे धरून चालले होते. चिटणीस तर व्यवस्थित माणूस. त्यांनी पुष्पचक्रावर लावायची रेशमी पट्टी रंगवून तयार ठेवली होती, ‘डॉक्टर’ आणि पुढे नाव. ऐन वेळी धावपळ नको.

आणि एका सकाळी गादीवाला उठला नाही. तिने चहा आणून ठेवला, हाक मारली, उत्तर उशिराच येणार म्हणून पडदे सरकवले, पाणी भरलं. मग ती परत आली तर चहावर साय धरली होती.

ती रडली नाही. आधी काम होतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता, तिथे ती चपलांशिवायच गेली. दुकानदाराने नंबर फिरवून दिला. पलीकडे चिटणीस आले. आणि तिच्या ओठावर आलं होतं, ‘गादीवाले गेले’. तेवढं म्हणाली असती तर पुढचं काही झालंच नसतं. पण तिला ते बोलवेना. जन्मभर या लोकांनी याला गादीवाला म्हटलं, निदान आज तरी नको. तिने त्याचं नाव घेतलं. पुरं नाव, स्पष्ट, आदराने. ते गेले, म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग चिटणिसांचा गळा भरल्याचं तिला कळलं. “अरेरे,” ते म्हणाले. “घरीच ना?”

“घरीच.”

“आम्ही सगळे निघतोच.”

त्यांचा गळा भरला हे ऐकून तिला मनापासून बरं वाटलं. इतकी वर्षं आपण उगाच या माणसांना बोल लावले, असंही तिच्या मनात आलं. नुसतं नाव घेतलं की चिटणिसांच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहत असेल, हा विचार तिला शिवला नाही. तिला ते नाव एकाच माणसाचं होतं.

दीर आला, शेजारी आले. दुकानातलं सामान बाजूला करून त्याला तिथेच ठेवलं. तिने दारासमोरची जागा झाडून घेतली. डॉक्टरांना उभं राहवणार नाही म्हणून घरातली चांगली खुर्ची बाहेर आणून ठेवली, तीही सावलीत. मग ती उंबऱ्यात उभी राहून गल्लीच्या वळणाकडे बघू लागली.

गाडी आली, पण नावभाऊ आले नाहीत.

“वहिनी, न्यायचं ना?” दीर म्हणाला.

“थोडं थांबा. माणसं यायचीत.”

“कोण?”

“त्यांची माणसं.”

गाडीवाला शहाणा होता, तो पानटपरीकडे जाऊन आला. शेजारणी कुजबुजू लागल्या. ऊन वर चढलं आणि खुर्चीवरची सावली सरकली, तशी तिने खुर्ची पुन्हा सावलीत ओढली. मग ती परत औषधाच्या दुकानात गेली. या वेळी फोन नुसता वाजत राहिला. म्हणजे निघालेत. म्हणजे येतीलच. असं तिने दिराला येऊन सांगितलं, आणि दिराने मान हलवली, पण पुढच्या वेळी त्याने विचारलं नाही, सांगितलं.

“वहिनी, आता नाही थांबता येणार. गाडीवाल्याला दुसरीकडे जायचंय.”

त्याला उचलून गाडीत ठेवलं. ती गाडीच्या मागच्या दाराशी उभी राहिली. हाक तर तिलाही मारता आली असती. नाव जिभेवर होतं. पण हाक मारली आणि कोणीच ओ दिली नाही तर? सगळ्यांच्या देखत ती रिकामी गेली तर? तिने ओठ घट्ट मिटून घेतले. दार लागलं. आपण शब्द दिला होता आणि आपल्याला तो पाळता आला नाही, एवढंच तिला त्या क्षणी कळत होतं. बाकीचं दुःख तर अजून यायचंच होतं.

ते आले तेव्हा उन्हं कलली होती. ती दुकानात एकटी होती, दीर मंडळींना सोडायला गेला होता. दाराशी दोन टॅक्सी थांबल्या. आधी चिटणीस उतरले, मग बसवाला, मग आणखी दोघे-तिघे. आणि बसवाल्याच्या खांद्यावर हात टाकून, काठी टेकत, डॉक्टर. चिटणिसांच्या हातात पुष्पचक्र होतं. त्याच्या रेशमी पट्टीचं सुरुवातीचं टोक फाडलेलं होतं, त्याचे दोरे लोंबत होते. मागे उरलं होतं नुसतं नाव. ते बदलावं लागलं नव्हतं.

तिने त्या फाटक्या टोकाकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. तिला सगळं समजलं.

“तुमच्याकडे गेले होते हे सगळे,” ती म्हणाली.

“हो.” डॉक्टर धापा टाकत होते. “वहिनी, दार मीच उघडलं. हे सगळे फुलं घेऊन उभे. मला वाटलं, वाढदिवस विसरलो की काय. मग यांचे चेहरे बघून मी हसत सुटलो. सगळेच हसले. मी म्हटलं, आता आलाच आहात तर बसा.”

“चहा घेतलात?”

डॉक्टर पुष्पचक्राकडे बघू लागले.

“घेतला का चहा?”

“घेतला,” ते म्हणाले. “दोनदा घेतला. मी जिवंत म्हणून. मग चिटणीस म्हणाले, पण मग फोन कोणाच्या घरून आला? आणि आम्ही एकेक मोजायला लागलो. इथे कोण आहे, कोण नाही.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “तुमचं घर कोणालाच नीट माहीत नव्हतं हो. एवढ्या वर्षांत. गल्ल्या शोधत आलो.”

चिटणीस पुढे झाले. “माझी चूक. मी विचारायला हवं होतं, कोण म्हणून. पण नुसतं नाव घेतलंत, आणि आमच्यात नुसत्या नावाने…”

“हो,” ती म्हणाली. “गादीवाला म्हणायला हवं होतं मी.”

चिटणिसांनी पुष्पचक्र खाली ठेवलं. ती भांडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिलाही भांडायचं होतं, सकाळपासून सगळं साठलं होतं. पण समोर ही चारपाच म्हातारी माणसं, धुळीने भरलेल्या चपला, आणि काठीवर सगळा भार टाकून उभे डॉक्टर. बाहेरची खुर्ची अजून तिथेच होती. तिने ती आत ओढली.

“बसा,” ती म्हणाली. “तुमच्यासाठीच ठेवली होती.”

डॉक्टर बसले आणि त्यांचा हात आपसूक बैठकीखाली गेला. सभागृहातल्या त्यांच्या खुर्चीसारखाच घट्ट काथ्या. ते मान खाली घालून रडू लागले.

“नेलं त्यांना?” बसवाल्याने विचारलं.

“नेलं.”

“ओ?”

“कोण देणार?” ती म्हणाली. “मी हाक मारलीच नाही.”

डॉक्टर काठीवर जोर देऊन उठले. बसवाल्याने धरू पाहिलं, त्यांनी त्याचा हात बाजूला केला. बाकीचेही त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले, अर्धवट भरलेल्या सोफ्याच्या बाजूने, एका रांगेत. पहिल्यांदाच ते सगळे त्याच्या दुकानात उभे होते आणि कोणी कोणाच्या पुढे नव्हतं.

“वहिनी,” डॉक्टर म्हणाले, “आता मारा. तुम्हीच मारा. उशीर झालाय, मान्य आहे. पण मारा.”

तिने पदर सावरला. मग तिने डोळे मिटले, गॅलरीत मिटायची तसे, आणि नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली. आवाज कापला, पण नाव पुरं निघालं.

“हजर,” म्हाताऱ्यांनी म्हटलं. सगळ्यांनी एकदम. कोणाचा आवाज चिरका, कोणाचा घोगरा, तरी एकदम. तो शब्द दुकानाच्या छताला लागला आणि विरला.

ती डोळे मिटूनच उभी राहिली. सवयीने. आणखी अर्धा क्षण थांबायचं असतं, हे तिला पाठ होतं. काथ्याच्या ढिगाकडे कान लावून ती थांबली. मागून काहीच आलं नाही.

तेव्हा ती रडली.